शेलारचा रॉकवाला आणि धवलारीण आई

केसरीनाथ म्हात्रे तीन वेळा निवृत्त झाला आणि तिन्ही वेळा पुढच्या लग्नसराईत त्याच गुर्मीत माइकपुढे उभा राहिला. निवृत्तीसुद्धा गुपचूप नव्हे, तर भर मांडवात, सगळ्यांच्या देखत. गाणं अर्ध्यावर थांबवायचं, गळ्यातला रुमाल सोडून घाम पुसायचा आणि खर्जातल्या आवाजात म्हणायचं, "मंडली, ह्यो माजा शेवटचा पोग्राम हाय." बायका डोळ्यांना पदर लावत, पोरं "न्हाय, न्हाय" म्हणून ओरडत, कुणीतरी ड्रमपुढे नारळ फोडी आणि सरपंच खांद्यावर शाल टाकी. तिसऱ्या खेपेला सरपंच हळूच म्हणाला, "केसरी, मागची शाल हाय ना घरी? ती घालून येत जा."

लोकांना ही सगळी नौटंकी वाटे. थोडी होतीही. पण त्या तिन्ही निवृत्त्या एका म्हातारीसाठी होत्या, ती म्हातारी त्याच्याच घरात राहत होती आणि तिच्यावर त्यांचा काडीचा परिणाम झाला नव्हता, हे फार थोड्यांना ठाऊक होतं.

पण घोडं असं पुढे दामटून चालायचं नाही. सुरुवात मागापासून करायला हवी.

केसरीनाथचा बाप भातखाचरात साप चावून गेला, तेव्हा पोरगा सतरा वर्षांचा होता. आई ठकुबाईनं त्याचा हात धरला, त्याला शेलारहून भिवंडीत चालत नेलं आणि महमूदशेठच्या पॉवरलूमच्या कारखान्यात उभं केलं. एकोणीसशे एकोणसत्तर साल. एका पत्र्याखाली चोवीस लूम, आणि चोवीसही एकदम धडधडत. ज्यानं पॉवरलूमचा कारखाना आतून पाहिलेला नाही त्याला तो आवाज सांगून कळायचा नाही. शेजारच्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या कानाशी तोंड न्यावं लागे, आणि लांबच्याला हाक मारायची तर बेंबीच्या देठापासून. केसरीनाथला गाण्याची खोड होती, तो लूमवरही गायचा. आपलं गाणं आपल्याला ऐकू यावं म्हणून आवाज चढवायचा. असा तो दहा वर्षं चढवत राहिला. शिफ्ट सुटल्यावर बाहेर चहाच्या टपरीवर साधं "दोन कटिंग" म्हणाला तरी रस्त्यापलीकडचे कबुतरांचे थवे उडत.

महमूदशेठचा पुतण्या मुनीर तिथेच तागे तपासायच्या टेबलावर बसे. घरची कोकणी मुसलमान मंडळी, पिढ्यान्‌पिढ्या भिवंडीतली, व्यापारातली. या पोराला मात्र व्यापारापेक्षा बेंजोचं वेड. बेंजो म्हणजे टाइपरायटरसारख्या बटणांचं, तारांचं वाद्य. मुनीरची बोटं त्यावर अशी पळत की चुलता म्हणे, एवढी बोटं हिशेबाच्या वहीवर पळाली असती तर आपण मुंबईत असतो. मुनीरनं केसरीनाथला पहिल्यांदा गाताना ऐकलं ते चोवीस लूमच्या वरून. त्यानं टेबल सोडलं, जवळ आला आणि कानात ओरडला, "अबे, तुला माइकची गरजच न्हाय रे! तू आन मी पार्टी काढू!"

लग्नात वाजवणारी ही पार्टी निघायला मात्र एक फ्रेंच माणूस यावा लागला.

भिवंडीत लूम शुक्रवारी बंद. ठकुबाईचे गुडघे धरलेले, म्हणून केसरीनाथ तिला शुक्रवारी एसटीनं गणेशपुरीला गरम कुंडावर न्यायचा. एकोणऐंशीच्या थंडीत एकदा आई कुंडात पाय सोडून बसली असताना त्याला तानसा नदीच्या बाजूनं कुणीतरी ओरडल्याचा आवाज आला. कुणी बुडतंय की काय म्हणून तो पळत गेला. तर एका खडकावर खांद्यापर्यंत पांढरे केस आलेला, पंचेचाळिशीचा एक गोरा माणूस पाय फाकवून उभा, डोळे मिटलेले, आणि नदीला उद्देशून असा काही गात होता की पलीकडच्या काठावरच्या म्हशी चरायच्या थांबल्या होत्या. साहेब गणेशपुरीच्या आश्रमात राहायचा; तिथे आवाज करायला मनाई, म्हणून इथे येऊन मोकळा होत असे.

त्याचं नाव पास्काल. चहावाल्यानं माहिती पुरवली, की ह्याच्या देशात ह्याच्या नावाच्या रेकॉर्डी निघतात. मोडक्यातोडक्या हिंदीत आणि बरंचसं हातवाऱ्यांनी पास्कालनं पुढच्या काही शुक्रवारांत आपली कथा सांगितली. त्याचाही बाप कापडगिरणीत मागावर होता, हे कळल्यावर केसरीनाथला तो एकदम गावकीतलाच वाटायला लागला. सतराव्या वर्षी पास्कालनं गिटार घेतली, पंचविसाव्या वर्षी रॉक नावाच्या गाण्यानं त्याला डोक्यावर बसवलं, पोरी त्याचे सदरे फाडून तुकडे घरी नेत. पस्तिशीला नवी पोरं आली. मग त्यानं शेवटचा कार्यक्रम जाहीर केला. तिकिटं इतकी खपली की दोन वर्षांनी पुन्हा एक शेवटचा केला. चाळिशीत एक कान गेला, बायको गेली, आणि पंचेचाळिशीत साहेब गणेशपुरीला आला.

"गा," तो केसरीनाथला म्हणाला. केसरीनाथ गायला, लूमवर गायचा तसा. पास्काल दचकला आणि त्यानं चटकन कानांत कापूस घातला. मग हसत सुटला, आणि तोच कापूस काढून केसरीनाथच्या हातावर ठेवला, घाल, घाल अशी खूण करत. केसरीनाथ समजला की साहेबाला थंडी बाधते. आपल्याकडे कानात कापूस थंडीवाऱ्याला घालतात. त्यानं कापूस मान राखायला खिशात ठेवला आणि घरी जाऊन फेकून दिला. ज्या गावात रुईचे कण श्वासातून पोटात जातात त्या गावच्या माणसाच्या कानाला चिमूटभर कापूस लाभू नये, याला काय म्हणायचं? आपलं नशीब आपणच असं हातानं फेकतो, आणि पुन्हा देवाला बोल लावतो.

दोन वर्षं पास्कालनं त्याला शिकवलं. उभं कसं राहायचं, ओळ कुठे तोडायची, तोडून लोकांना ताटकळत कसं ठेवायचं. एकदा त्यानं ठकुबाईलाही गायला लावलं. ठकुबाई होती धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भट नंतर; आधी धवलारीण. तिनं धवला म्हटल्याशिवाय तेल चढत नाही, हळद लागत नाही. देवांना, पितरांना, गावच्या वेशीला, सगळ्यांना ती गाण्यातून आवतण देते आणि तेवढा वेळ मांडवात दुसरा आवाज होऊ द्यायचा नाही, हा रिवाज. ठकुबाईचा आवाज बारीक, नाकातला, कोरड्या वाळूवरून सूप ओढावं तसा. पास्काल चांगल्या कानामागे हात धरून शेवटपर्यंत ऐकत बसला. मग केसरीनाथकडे बोट करून म्हणाला, "तू नंबर दो." आणि ठकुबाईच्या पायांना हात लावून, "ये नंबर एक."

ठकुबाई घरी येईपर्यंत लाजत होती. केसरीनाथनं ते हसण्यावारी नेलं.

पास्काल एक्याऐंशीत परत गेला. जाताना आपलं काळं चामड्याचं जाकीट केसरीनाथला देऊन गेला. पाच वर्षांनी त्याचं इंग्रजीत लिहिलेलं कार्ड आलं. मुनीरनं वाचून दाखवलं: तब्येत बरी आहे, गेल्या महिन्यात माझा शेवटचा कार्यक्रम झाला, हा पाचवा. केसरीनाथनं ही गोष्ट मनाच्या कोपऱ्यात जपून ठेवली आणि पुढे तिचा भरपूर उपयोग केला.

तर एक्याऐंशीच्या लग्नसराईत 'केसरी-मुनीर रॉक पार्टी, शेलार' निघाली. रॉक म्हणजे काय, हे ड्रमवर अक्षरं काढणाऱ्या पेंटरलाही माहीत नव्हतं. त्यानं शेजारी एक वाघ काढला. वैशाखाच्या उकाड्यात केसरीनाथ चामड्याचं जाकीट घालून उभा राही, अंगातून घामाचे पाट, आणि तोंडानं आगरी बोलीतलं स्वतःचं गाणं, पास्कालच्या ठेक्यावर बसवलेलं. 'राहनालचे गोदामान हरवला माजा चांदीचा छल्ला' हे त्याचं सगळ्यात गाजलेलं. ते लागलं की नवरदेवाचा आजासुद्धा लंगोटी सावरत नाचायचा. सुपारी द्यायला लोक पार वसईकडून येत. दिवसा लूमवर ड्युटी, संध्याकाळी मांडव. लूम दुरुस्त करणारा जॉबर झाला, लग्न आधीच झालं होतं, सुचेता नावाची पोर अंगणात त्याच्यासारखेच पाय फाकवून उभी राहायला शिकली. बायको हौसा म्हणे, "घरान एक रॉकवाला होता तं आता दोन झाले."

ठकुबाईचं मत पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. "गातंय का गला फारतंय?" पण मायलेकांचा एक करार होता, न बोलता झालेला. बऱ्याच हळदींना दोघंही एकाच मांडवात असत, आई हळदीसाठी रांगोळीनं मांडलेल्या चौकापाशी, लेक स्टेजवर. आईनं धवल्याचा पहिला सूर उचलला, की पार्टी जिथल्या तिथे थांबायची. छल्ला अर्धा हरवलेला असला तरी. लोक कौतुकानं म्हणत, रॉकवाला कुणाच्या बापाचं ऐकत नाही, पण आईचं ऐकतो.

मध्ये चौऱ्याऐंशीचा मे महिना आला, दंगल घेऊन. भिवंडीत काय झालं ते भिवंडीकरांना सांगायला नको, आणि इतरांना सांगायची ही जागा नव्हे. वर्षभर पार्टी वाजली नाही. पुढच्या साली पहिली हळद ठरली तेव्हा मुनीर शेलारच्या वेशीवर बेंजो काखेत धरून नुसता उभा राहिला होता, आत येववेना. ठकुबाई स्वतः गेली, त्याचा हात धरून त्याला मांडवात आणलं, आपल्या शेजारी पाटावर बसवलं आणि म्हणाली, "जेव आदी. वाजवशील मंग." मुनीर त्या दिवशी जेवताना रडला. तेव्हापासून तो तिला मावशी म्हणायचा आणि तिच्या शब्दाबाहेर नसायचा.

आता खरी गोष्ट.

नव्वदच्या आसपास केसरीनाथला बारीक आवाज ऐकू येईनासे झाले. आधी पाखरं गेली. मग सायकलची घंटी गेली. मग सुचेता मागून हाक मारी ती कळेना. जाडे आवाज यायचे. ड्रम यायचा, ट्रक यायचा, स्वतःचा आवाज तर छातीतूनच यायचा. वीस वर्षं लूमवर काढलेल्या माणसाला दुसरं काय होणार? त्याच्याबरोबरचे अर्धे जण तसेच. पण ते जॉबर होते, गायक नव्हते. गायकाला ऐकू येत नाही हे एकदा बाहेर फुटलं, की सुपाऱ्या बंद. आणि दुसरं कारण होतं, ते त्यानं मुनीरलाही सांगितलं नव्हतं. त्याला लूमवर आईनं उभं केलं होतं. कान लूमनं गेले म्हटलं, की म्हातारी उरलेलं आयुष्य स्वतःच्या तोंडात मारून घेत बसणार. त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं.

मुनीरला मात्र सगळं कळलं होतं. सूर देताना केसरीनाथ त्याच्या बोटांकडे बघतो, हे बेंजोवाल्याच्या नजरेतून कसं सुटेल? त्यानं एक शब्द न काढता सोय करून टाकली. ठकुबाईनं धवला उचलला, की मुनीर डावा हात वर करायचा. केसरीनाथ थांबायचा. मायलेकांचा करार आता मुनीरच्या डाव्या हातावर चालला होता, आणि तीन वर्षं बिनबोभाट चालला.

त्र्याण्णवच्या एप्रिलात राहनाळला मोठी हळद होती. मुनीरची बहीण साजिदा हिचं त्याच दिवशी लग्न, त्यामुळे बेंजोवर बदली माणूस. केसरीनाथ म्हणाला, एक दिवस निभावून नेऊ. ऊन उतरत होतं, पोरं चेकाळली होती, 'छल्ला, छल्ला' असा त्यांचा घोषा चालू होता. केसरीनाथची पाठ चौकाकडे. त्याच वेळी ठकुबाईनं हळदीचा धवला उचलला. सत्तरीची बाई, आवाज आणखी बारीक झालेला. मांडव गप्प झाला. बदली बेंजोवाला थांबला. केसरीनाथला वाटलं, लोक गप्प झाले ते छल्ल्याची वाट बघत. त्यानं ड्रमवाल्याला खूण केली आणि सगळा जीव काढून सुरू केलं.

ड्रमवाल्याला वाटलं, मालकाचा हुकूम. त्यानं काठ्या ड्रमवर आपटल्या.

ठकुबाईनं तीन ओळी म्हटल्या. ओठ हलताना दिसत होते, ऐकू काही येत नव्हतं. चौथ्या ओळीला ती थांबली. हातातलं आंब्याचं पान तिनं हळदीच्या वाटीत ठेवलं, पदर खोचला आणि लेकाच्या पाठीमागून, गर्दीतून वाट काढत निघून गेली. हळद शेवटी नवरीच्या आजीनं कशीबशी उरकली. चाळीस वर्षांत ठकुबाई धवला अर्धा टाकून कधी उठली नव्हती, देवीची साथ आली होती त्या वर्षीसुद्धा नाही. केसरीनाथ वळला तेव्हा पाटावर कुणी नव्हतं, आणि मांडवातल्या सगळ्या बायका त्याच्याकडे बघत होत्या. काय झालं ते त्याला बायकांच्या तोंडावरून कळलं.

त्या दिवसापासून ठकुबाईनं अबोला धरला.

अबोला म्हणजे कसा? चार वर्षं एका घरात, एका चुलीवरचं खाऊन, लेकाशी एक शब्द नाही. काही सांगायचं झालं तर हौसेमार्फत. "त्याला सांग, छपराची कौलं सरकलीत." केसरीनाथ समोर दीड हातावर बसलेला. हौसा घरात नसली, की म्हातारी कोंबड्यांना सांगे. "कोनाला जेवाचा आसंल तं ताट वारलेला हाय गो बायांनो." एकदा घरात साप निघाला तेव्हासुद्धा तिनं आधी मांजरीला बजावलं. आणि तिनं धवलेही सोडले. गावोगावच्या बायका बोलवायला येत, तर म्हणे, "मना कनाला? रॉकवाल्याला बोलवा. त्याचा आवाज मोठा हाय."

हे वाक्य हौसेनं त्याच्या कानाशी येऊन त्याला सांगितलं, तेव्हा केसरीनाथ जेवणावरून उठला.

पहिली निवृत्ती त्याच वर्षीची. आईला कळावं म्हणून त्यानं ती शेलारच्याच मांडवात जाहीर केली, घरापासून पन्नास पावलांवर. घरी आला तर ठकुबाई मांजरीला म्हणत होती, "आता तरी झोप मिलंल." बस, एवढंच. आठ महिन्यांत तो पुन्हा माइकवर. दुसरी निवृत्ती पंच्याण्णवला, तिसरी शहाण्णवला. मुनीर वैतागून म्हणाला, "अरे, रिटायर होऊन काय होनार? मावशीला खरी बात बोल ना! दोन मिनटांचं काम हाय!" केसरीनाथ म्हणे, "सांगतू, सांगतू." लूमवरचा माणूस हजारांसमोर जाकीट घालून नाचेल, पण आईपुढे बसून 'मी बहिरा झालो' म्हणायचं म्हटलं, की तो चप्पल घालून बाहेर पडे.

सत्त्याण्णवच्या मे महिन्यात सुचेताचं लग्न ठरलं. मांडव पडला, मुनीर म्हणाला पार्टी माझी, जावयाकडचे पन्नास जण हळदीला येणार. आणि धवला कोण म्हणणार? पलीकडच्या गावची धवलारीण गेल्या पावसात वारली होती. आसपास दुसरी नव्हती, आणि असती तरी ठकुबाई घरात बसलेली असताना तिच्या उंबऱ्यात पाय ठेवायची कुणाची छाती झाली नसती. सुचेता आजीच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "आजे, तू न्हाय बोल्लीस तं माजी हलद कशी लागंल?"

ठकुबाईनं बराच वेळ तिच्या केसांतून हात फिरवला. मग म्हणाली, "तुज्या बापाला सांग. राहनालला त्यानी ता का केला, ता आदी बोलू दे. चारचौघांत केला, चारचौघांत बोलू दे. मंग मी बसतंय पाटाव."

हळदीच्या दिवशी ऊन कलायला लागलं तशी माणसं जमली. सुचेता पिवळ्या लुगड्यात चौकावर बसली. पाट रिकामा. ठकुबाई ओसरीच्या खांबाला टेकून लांब उभी, हाताची घडी. जावयाकडच्या बायका एकमेकींच्या कानाला लागायला लागल्या. हौसेनं नवऱ्याकडे असं बघितलं की त्या नजरेनं भाकरी करपली असती.

केसरीनाथ स्टेजवर चढला. माइक हातात घेतला, गळ्यातला रुमाल सोडला, घाम पुसला. ते बघून सगळ्या शेलारनं ओळखलं की आता चौथी निवृत्ती. एकानं लगेच नारळ शोधायला पोरगं पिटाळलं. सरपंच मान खाली घालून हसत होता.

"मंडली," केसरीनाथ म्हणाला, आणि थांबला. ओळ तोडून थांबायची नेहमीची ढब नव्हती ती. खरंच पुढचं येत नव्हतं. "मंडली, मना आयकू येत न्हाय."

"आवाज वारवा रे!" मागून कुणी ओरडलं.

"आवाज वारवून न्हाय यायचा. माजं कान गेलं. सात वर्सं झाली. राहनालला माजे आयनी धवला उचललेला, तो मना आयकू आला न्हाय. म्हनून मी वाजवला. ह्यो मुनीर हात वर करायचा म्हनून मी थांबायचू, तुमाला वाटायचा मी आयचा आयकतू." त्यानं श्वास घेतला. "हे लाऊडस्पीकर हायत ना माजं, त्यांनी गेलं कान. माजेच नादानं गेलं. दुसऱ्या कोनाचा काय दोस न्हाय."

मांडव असा शांत झाला की चुलीवरच्या भाताचा खदखद आवाज यायला लागला. केसरीनाथला अर्थात तोही आला नाही. त्याला एवढंच दिसलं, की ओसरीचा खांब रिकामा आहे. मग स्टेजची फळी पायाखाली हलली. ठकुबाई गुडघ्यावर हात टेकत वर चढली होती. तिनं त्याचं जाकीट धरून त्याला खाली वाकवलं, त्याच्या कानाशी तोंड नेलं, लूमवर नेतात तसं, आणि ओरडली. मधला माइक चालूच होता, त्यामुळे ते सगळ्या गावानं ऐकलं.

"खोटा नको बोलू! स्पीकर कालचं. तुजं कान लूमनी खाल्लं. आन लूमवर तुला मीच धारला." तिचा आवाज चिरकला. "चार वर्सं मांजरीला निरोप सांगतंय मी, मेल्या! येवरी वर्सं मी बोल्ली न्हाय, ता तरी तुला कलला का?"

केसरीनाथ म्हणाला, "ता कलला गो आये. तेवराच आयकू आला."

ठकुबाईनं त्याच्या गालावर एक चापट मारली. जोरात नव्हती, पण लाडाचीही नव्हती. मग तिनं त्याचं मनगट घट्ट धरलं, तसंच त्याला खाली उतरवून चौकापाशी आणलं आणि पाटावर बसली. मुनीरकडे बघून तिनं फर्मावलं, "मुनीर, मी ह्याचा हात सोरला का वाजवा. तवर कोनी हलू नका."

मुनीर म्हणाला, "जी, मावशी."

आणि तिनं धवला उचलला. चार वर्षं न वापरलेला आवाज, पहिल्या दोन ओळींना गंज लागलेला, तिसरीला मोकळा झाला. सुचेताच्या गालाला हळद लागली, हातांना लागली, पायांना लागली. हौसा हुंदके देत होती आणि हसतही होती. धवला संपला. ड्रमवाल्यानं काठ्या उचलल्या, मुनीरनं बोटं बटणांवर ठेवली, पोरांनी नाचायला लुंग्या खोचल्या. ठकुबाईनं हात सोडला नाही. तिनं दुसरा धवला उचलला. तो संपला, तिसरा. मग वेशीचा, मग पितरांचा, मग असे काही, जे गावातल्या पन्नाशीच्या बायकांनीही कधी ऐकले नव्हते. एकामागून एक नऊ धवले झाले. पार्टी काठ्या उगारून उभी, जावयाकडचा एक काका ताटकळून बसल्या जागी घोरायला लागला, पण 'आता पुरे' म्हणायची हिंमत एकाचीही झाली नाही.

केसरीनाथला त्यातलं अक्षरही ऐकू येत नव्हतं. तो आईच्या ओठांकडे बघत, मनगट तिच्या हातात देऊन, शेवटचा धवला संपेपर्यंत उभा राहिला.